घोड्यांआधीची खेळणी

भाद्रपद हा आपल्याकडे निरोपाचा महिना. गौरी माहेरपणाला येतात आणि तिसऱ्या दिवशी निघतात, गणपतींना तलावाकाठी डोळे भरून निरोप दिला जातो, मग पितर येतात, आपापलं पान घेतात आणि तेही परततात. या साऱ्या येण्याजाण्यावर आपल्या कोरड्या सोलापूर जिल्ह्याचा खरा पाऊस, जाता जाता ओंजळ रिकामी करणारा परतीचा पाऊस, कोसळत असतो. ज्वारीसाठी रानं तयार होत असतात. लवकरच घट बसतील, पत्रावळीवरच्या काळ्या मातीत धान्य पेरलं जाईल, याची चाहूल घराघरांत लागलेली असते. जाणं आणि उगवणं यांच्या या सांध्यावर दरवर्षी सतरा सप्टेंबर येतो. शेजारच्या धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकतो. आपल्या जिल्ह्याशी या तारखेचं आणखी एक नातं आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला.

पंढरपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचं वाळवंट येतं, विटेवरचं सावळं रूप येतं, बुक्क्याचा वास आणि टाळांचा नाद येतो. त्याच गावात एका साध्या बोहरा कुटुंबात हे मूल जन्माला आलं आणि दीड-दोन वर्षांचं होण्याआधीच त्याची आई झैनब गेली. तिचं एकही छायाचित्र मागे राहिलं नाही. आईचा चेहरा आठवत नाही, ही खंत हुसेन यांनी पुढे नव्वदी ओलांडेपर्यंत बोलून दाखवली. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीत मूल आहे, पण साडीच्या पदराखाली चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी आहे. ती पोकळी पंढरपूरची आहे, हे आपण जाणलं पाहिजे. वडील फिदा या मुलाला घेऊन इंदूरला गेले आणि तिथल्या कापड गिरणीत नोकरीला लागले. आजोबा दिवे-कंदील दुरुस्त करत. गिरणीच्या भोंग्यावर उठणारं घर आणि दारात ठोकाठोक करणारा कारागीर म्हातारा, हे बालपण सोलापूरकराला समजावून सांगायला नको. जुन्या गिरणीच्या, लक्ष्मी-विष्णूच्या, नरसिंग गिरजीच्या चाळींमधून अशी कितीतरी बालपणं आपण पाहिली आहेत.

हुसेन यांचं नाव निघालं की आपल्याला तीन-चार गोष्टी चटकन आठवतात. उसळणारे घोडे आठवतात. पांढरी दाढी, अनवाणी पाय आणि हातातला लांबलचक कुंचला आठवतो. लिलावात पुकारलेल्या किमती आठवतात. आणि देवदेवतांच्या चित्रांवरून पेटलेला तो वाद आठवतो, ज्याने १९९६ पासून पुढची वर्षं ढवळून काढली, ज्यामुळे ते २००६ मध्ये देशाबाहेर गेले, २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. न्यायालयांनी २००८ मध्येच त्यांच्याविरुद्धच्या कारवाईबाबत त्यांच्या बाजूने कौल दिला होता, पण दुखावलेली मनं निकालपत्राने सांधली जात नाहीत हेही खरं. त्या वादाचा पुन्हा निवाडा करायला आज आपण बसलेलो नाही. मनात सलतं ते वेगळंच. घोडे, किमती आणि वाद या तिघांच्या गर्दीत या माणसाचं सगळ्यात जवळचं, आपल्या हाताशी येईल असं काम झाकलं गेलं. नव्याने काही सुचावं असं वाटणाऱ्यासाठी, मग तो चित्रकार असो, चादरीचं डिझाइन काढणारा असो की चौथीच्या वर्गाला चित्रकला शिकवणारा मास्तर असो, खरा झरा त्या झाकलेल्या कामातच आहे.

मुंबईत आल्यावर हुसेन यांनी १९३० च्या दशकात सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवली. मोबदला चौरस फुटावर मिळे आणि तोही आण्यांत. पुढे १९४१ साली लग्न झालं, संसार उभा राहिला आणि फॅन्टसी नावाच्या फर्निचरच्या दुकानासाठी ते लहान मुलांचं लाकडी सामान आणि खेळणी तयार करू लागले. स्वातंत्र्य मिळेपर्यंतची पाच-सहा वर्षं या कामात गेली. कलेच्या इतिहासाची पुस्तकं या वर्षांवरून एका ओळीत पुढे सरकतात, जणू पोटासाठी केलेली ती हमाली होती आणि खरा चित्रकार १९४७ साली, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात गेल्यावर जन्मला. आपल्याला हे पटत नाही. जिथे हाताला कामाची सवय लागते तिथेच डोळ्यालाही वळण लागतं, हे मागावर बसलेल्या कुणालाही विचारावं.

लाकडी खेळणं कसं होतं ते जरा जवळून पाहू. एक पातळ फळी घ्यायची. तिच्यावर हत्तीची नुसती बाह्यरेषा काढायची. करवतीने त्या रेषेवरून आकार कापून काढायचा, कडा घासून मऊ करायच्या, कारण हे मुलाच्या तोंडात जाणार आहे. मग रंग. इथे छायाप्रकाशाचं कौतुक चालत नाही, कारण खेळणं हातात फिरणार, उलटं होणार, अंगणात पडणार. तेव्हा अंगभर एकच सपाट रंग, त्यावर झुलीचा एक पट्टा, डोळ्यासाठी एक ठिपका. मागच्या बाजूलाही तेवढंच मन लावून रंगवायचं, कारण मूल मागची बाजू आधी बघतं. जे सांगायचं ते सगळं त्या बाह्यरेषेला सांगावं लागतं. सोंड जरा चुकीच्या जागी वळली तर तो हत्ती राहत नाही, आणि बरोबर वळली तर डोळा नसला तरी चालतो. अशी खेळणी वर्षानुवर्षं केल्यावर माणसाच्या हातातून अनावश्यक गोष्टी आपोआप गळून पडत असणार.

हुसेन यांचं १९५५ सालचं ‘जमीन’ हे चित्र, ज्याला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते या डोळ्यांनी बघावं. लांबट पट, त्यात गावाकडची माणसं, जनावरं, चाक, एकेक आकार आपापल्या चौकटीत सुटा उभा. सपाट रंग, ठळक कड. हे आकार फळीतून कापून घेतले आणि ओळीने मांडले, असं वाटतं. त्याआधी १९४८ साली दिल्लीत प्राचीन भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि ते पाहून आपल्याला वाट सापडली, असं हुसेन सांगत. गुप्तकाळातल्या शिल्पांचा बांधा, बसोली शैलीतल्या लघुचित्रांचे तळपते रंग आणि लोककलेतला निरागसपणा, या तिन्हींचा गोफ त्यांनी विणला. पहिल्या दोन गोष्टींसाठी त्यांना दिल्लीला जावं लागलं. तिसरी त्यांनी फर्निचरच्या दुकानात स्वतःच्या हातांनी आधीच घडवली होती.

आणि ती कुठून आली असेल, हे सांगायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आपल्या भागात बेंदराला मातीचे बैल येतात. जोडीने विकत घ्यायचे, पाटावर ठेवायचे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते मुलांच्या ताब्यात. त्या बैलाला पाय म्हणजे चार आखूड खांब, वशिंड म्हणजे अंगठ्याने वर ओढलेली माती, शिंगं म्हणजे दोन चिमटी. कुंभाराने त्यात शरीरशास्त्र बघितलेलं नसतं, पण बैलाचा तोरा मात्र नेमका पकडलेला असतो. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांच्या आणि झगमगाटाच्या कडेला अजून एखादा म्हातारा भिंगऱ्या आणि डमरू घेऊन उभा असतो. पंढरपुरात वारीच्या दिवसांत प्रदक्षिणेच्या वाटेवर लाकडी गाड्या, पिपाण्या, टिनाची टिकटिक मांडलेली असते. हादगा आला की सोवळ्यातल्या आजीपासून परकरातल्या नातीपर्यंत सगळ्या ज्याच्याभोवती फेर धरतात तो पाटावरचा हत्ती काय असतो? खडूच्या दहा रेषा. आणि मोहरमच्या सवाऱ्यांमागे हिंदू-मुसलमान सगळेच चालतात, त्या आपल्या गावांमधली कागदी, पन्नीची ताबुतं तरी काय असतात? हुसेन यांच्या घोड्यांचं मूळ शोधणाऱ्यांनी करबलाच्या आठवणीत निघणाऱ्या दुलदुल घोड्याचा उल्लेख केला आहे. १९५२ मध्ये चीनला गेल्यावर पाहिलेल्या तांग काळातल्या मातीच्या घोड्यांचाही केला आहे. म्हणजे तिथेही पुन्हा मातीचंच चित्र, पुन्हा मिरवणुकीतलंच जनावर.

पोस्टरांच्या कामाचंही तसंच. आपल्या शहरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत चित्रपटगृहांवर हातांनी रंगवलेले फलक चढायचे, हे आज चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. पेंटर आधी छोट्या छायाचित्रावर पेन्सिलीने चौकटी पाडायचा, मग भल्यामोठ्या कापडावर तेवढ्याच चौकटी पाडायच्या. सरळ रेघ हवी असली की खडूच्या पुडीत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे चिमटीत धरून सोडून द्यायची. फट् असा आवाज व्हायचा आणि कापडावर दहा फूट लांब पांढरी रेघ उमटायची. जवळून बघितलं तर नायिकेच्या गालावर हिरवा आणि जांभळा रंग दिसायचा, रस्त्याच्या पलीकडून बघितलं की तीच गोरीपान. कुठून काय दिसतं आणि किती सोडून द्यायचं, हे ज्याला कळलं त्याला कुठलीही भिंत मोठी वाटत नाही. हुसेन यांना कुठलीच भिंत कधी मोठी वाटली नाही, त्याचं कारण मुंबईत ते पोस्टरं रंगवत त्या ग्रँट रोडच्या फुटपाथवर आहे.

या पूर्वाश्रमाची त्यांनी लाज बाळगली नाही. उलट, नाव झाल्यावर १९८१ साली ते मद्रासच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन हिंडले आणि तिथल्या प्रचंड सिनेफलकांची छायाचित्रं काढली. फलकावर पिस्तूल रोखलेला नायक, आणि त्याच्या बुटाशी डोक्यावर हंडा घेऊन निघालेली बाई. रंगवलेली माणसं आणि खरी माणसं एकाच चौकटीत, एकाच उन्हात. ही छायाचित्रं त्यांच्या तैलचित्रांइतकी कुणाला ठाऊक नाहीत. ज्याने आयुष्यात एकदा तरी नवी पेठेत किंवा स्टेशन रोडवर मान वर करून पोस्टर बघितलं आहे त्याला ती बघताक्षणी आपली वाटतील. नव्या मुलांनी तर ती जरूर बघावीत, कारण हातात मोबाइल आहे आणि समोर रस्ता आहे, एवढ्या भांडवलावर काय होऊ शकतं याचा तो दाखला आहे.

१९६७ साली फिल्म्स डिव्हिजनने या माणसाच्या हातात सिनेमाचा कॅमेरा दिला. राजस्थानात जाऊन त्यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा पंधरा-वीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट केला. त्यात गोष्ट नाही, संवाद नाहीत, विजय राघव राव यांचं संगीत आहे. छत्री आहे, कंदील आहे, बूट आहे, जनावरं आहेत, पोरं आहेत, भिंती आहेत. अधिकाऱ्यांना हे काय केलंय ते कळेना, अशी त्या वेळची हकिकत सांगतात, पण बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचा सर्वोच्च सन्मान, सुवर्ण अस्वल मिळालं. आपल्याला त्या लघुपटात आजोबांचा कंदील दिसतो, हे सगळ्यात मोलाचं. दुरुस्तीला आलेली, कुणाच्या तरी घरची, काजळलेली वस्तू. चित्रकाराने ती उन्हात नेऊन ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला, एवढंच.

बैलगाडीची गोष्ट तर आपण पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे. समाजवादी नेते राम मनोहर लोहिया यांनी हुसेन यांना सुचवलं, की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या चित्रांतून बाहेर ये आणि रामायण रंगव, कारण या देशातला माणूस त्या कथेत राहतो. हैदराबादला लोहियांचे सहकारी बद्रीविशाल पित्ती यांच्या घरी राहून त्यांनी ते काम केलं. रामायणाचे पाठ ऐकले, पंडितांशी चर्चा केल्या आणि शंभराहून जास्त चित्रं काढली. लहानपणी पंढरपुरात आणि इंदुरात पाहिलेल्या रामलीलेने आपल्याला वेड लावलं होतं, असं ते सांगत. मग ती चित्रं बैलगाडीतून हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत नेली. गाडीत चित्रं मांडलेली, गावकरी भोवती बसलेले, कुणीतरी कथा गातंय. याचा अर्थ काय, असं एकाही गावकऱ्याने विचारलं नाही, ही आठवण हुसेन यांनी मोठ्या समाधानाने सांगितली आहे. हैदराबाद आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर. आणि चित्रांचा पट उघडून कथा गाणारे चित्रकथी आपल्या महाराष्ट्रातलेच, पिंगुळीचे. गाडीतून चित्र गावात न्यायचं, हा परका विचार नव्हताच. तो विसरलेला विचार होता.

‘ग्रामयात्रा’ या चित्राचं नशीब तर याहून निराळं. १९५४ सालचं हे चौदा फुटांच्या आसपासचं लांब चित्र. तेरा छोट्या प्रसंगांत गाव मांडलेलं. जात्यावरची बाई, गाडी, आई आणि मूल, शेतकरी. हे सगळं त्याच खेळण्यांच्या ठसक्यात. दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरने ते त्याच वर्षी विकत घेतलं, नॉर्वेला नेलं आणि ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं. तिथे ते कित्येक दशकं रुग्णालयाच्याच ताब्यात, जगाच्या नजरेआड राहिलं. बर्फाच्या देशातल्या त्या इमारतीत आपल्या मातीतली ही बाई दळत बसली होती आणि बाहेरच्या कुणाला पत्ता नव्हता. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले आणि आधुनिक भारतीय चित्रांमधला तोवरचा उच्चांक झाला. किमतीचा आकडा छापून आला, सगळ्यांनी वाचला. आपल्याला त्या आकड्यापेक्षा भिंतीवरची ती वर्षं जास्त बोलकी वाटतात. चित्रात जे होतं ते तेव्हाही तेवढंच होतं.

उतारवयातही हा हात जुन्या खेळाकडे वळत राहिला. १९९२ साली जहांगीर कलादालनात ‘श्वेतांबरी’ मांडली तेव्हा तिथे चित्रंच नव्हती. पांढरं कापड आणि जमिनीवर फाटक्या वर्तमानपत्रांचा कागद. बघायला आलेले लोक गोंधळले, चिडले. कापडाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला मात्र न रंगवलेल्या कापडाची शांतता ठाऊक आहे. नंतर अहमदाबादला वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्याबरोबर जमिनीखाली गुंफा झाली. तिच्या वळणदार भिंतींवर त्यांनी थेट रंग चढवला आणि आत धातूच्या पत्र्यातून कापलेल्या माणसांच्या आकृत्या उभ्या केल्या. कापलेला आकार, ठळक कड, सपाट अंग. फळीच्या जागी पत्रा आला आणि मुलाच्या उंचीऐवजी माणसाची उंची आली, बाकी सगळं फॅन्टसीच्या दुकानातलंच. अर्ध्या शतकाचा फेरा मारून ते खेळणं पुन्हा उभं राहिलं.

आता आपल्या शहराकडे वळू. सोलापुरी चादर आपण रोज अंगावर घेतो, पाहुण्याला भेट देतो, भौगोलिक मानांकनाचा अभिमान मिरवतो. पण तिच्यावरचा मोर कसा उमटतो हे आपल्या किती मुलांनी पाहिलं आहे? आलेखाच्या कागदावर डिझाइनर एकेक चौकोन भरत जातो. चौकोनांतून वळण काढायचं म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी जायचं. मोराची मान गोल दिसते, पण जवळ जाऊन पाहिलं तर ती जिन्यासारखी असते. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना शिवून लांब माळ करायची आणि ती माळ मागाच्या माथ्यावरच्या जेकार्डला चढवायची. जिथे भोक तिथे धागा उचलला जाणार, जिथे भोक नाही तिथे खाली राहणार. हे काम आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होतं आणि ते सोयीचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या पट्ट्यांच्या माळा कारखान्यांच्या माळ्यांवर धूळ खात आहेत, रद्दीत जात आहेत. उन्हाकडे धरल्या तर त्या भोकांमधून प्रकाशाचे ठिपके पडतात भिंतीवर. एवढं सुंदर चित्र आपण किलोवर विकतो.

प्रभाकर बरवे यांच्यासारखा विचारी चित्रकार विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी करत होता आणि मग घरी येऊन भिंतीला लावायच्या इनॅमल रंगाने आपली चित्रं काढत होता. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या ज्या कलाशाळेत हुसेन यांनी संध्याकाळचे वर्ग केले, तिथेच तयार झालेले विष्णू चिंचाळकर गुरुजी काटक्या, करवंट्या, टाकाऊ वस्तूंतून माणसं उभी करत आणि मुलांना तेच शिकवत. ही आपली परंपराच आहे. वस्तू कमी पडल्या म्हणून आपल्याकडे कला कधी अडली नाही. ती अडली असेल तर या कामांना कला म्हणायला आपली जीभ अडली म्हणून. फ्लेक्स आल्यावर आपले पेंटर कुठे गेले, कुणी रिक्षा धरली, कुणी पानाची टपरी टाकली, याची नोंद आपण ठेवली नाही. त्यांच्या हातात जी विद्या होती तिला दाखला नव्हता, म्हणून आपल्याला ती विद्या वाटली नाही.

आज कतारची राजधानी दोहा इथे हुसेन यांच्या कामासाठी स्वतंत्र संग्रहालय उभं आहे. त्यांच्या काचेच्या घोड्यांचा भव्य फिरता देखावाही तिथेच आहे. मुरानोच्या कारागिरांच्या भट्टीतून निघालेले ते घोडे. पंढरपुरात आणि सोलापुरात त्यांच्या लहानपणाची खूण म्हणावी असं आपण फारसं काही जपलेलं दिसत नाही. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दोहाचा डौल आपल्याला परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. बेंदराचा बैल आपल्याकडे आहे, हादग्याचा हत्ती आपल्याकडे आहे, सवारीचा पंजा आहे, पुठ्ठ्यातला मोर आहे, आणि चौकटी पाडून दहा फुटांचा चेहरा उभा करणारे, थकलेले पण अजून हात न कापणारे काही पेंटर आहेत.

जिल्ह्यातल्या शाळांच्या चित्रकलेच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. सतरा सप्टेंबरच्या तासाला घोडा काढा असं मुलांना सांगू नका. एखादी जुनी जेकार्डची पट्टी, बेंदराचा उरलेला बैल, आजोबांच्या कोनाड्यातला कंदील वर्गात आणा, टेबलावर ठेवा आणि मुलांना तास संपेपर्यंत नुसतं त्याच्याभोवती फिरू द्या. कारखानदार मंडळींनी जुन्या पट्ट्यांची एकेक माळ तरी रद्दीतून बाजूला काढावी आणि जवळच्या शाळेला द्यावी. फलक रंगवणारा कुणी आपल्या गल्लीत राहत असेल तर त्याला एका दुपारी मुलांसमोर खडूची दोरी ताणायला बोलवावं आणि त्या दुपारचे पैसे द्यावेत.

आणखी थोड्या दिवसांनी खंडेनवमी येईल. माग थांबतील, धोटे-कांड्या पुसून ठेवल्या जातील, करवती आणि पाने, शिवणयंत्रं आणि कात्र्या हळदीकुंकवाने माखतील, झेंडूच्या माळा चढतील. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुलं पाटीवर एकचे आकडे जोडून सरस्वती काढतील, जशी आपण काढली, आपल्या आईने काढली. यंदा त्या हत्यारांशेजारी पाटावर एक कोरी, घासून मऊ केलेली फळी ठेवूया. पाटीपूजन झालं की ती घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातात द्या, सोबत रंगाची एकच डबी द्या, आणि मागची बाजूही रंगवायची असते एवढं सांगून बाजूला व्हा.